खिडकीतून डोंगर दिसेल असा पब सुचवा (आई-बाबा येताहेत)

रानजाई
नमस्कार मंडळी. आई-बाबा मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून मँचेस्टरला येताहेत. लंडन, राजवाडे, म्युझियमं सगळं मागच्या खेपेला उरकलंय. यंदा बाबांचा हट्ट आहे की "इथले डोंगर दाखव". बाबा सत्तरी ओलांडलेले, पण रविवारी सिंहगड चुकवत नाहीत. आईचे गुडघे मात्र पार गेलेत.

माझ्या डोक्यात असं आहे की डोंगरातला एखादा जुना दगडी पब गाठायचा, खिडकीशी टेबल पकडायचं, समोर हिरवे डोंगर नि मेंढ्या, निवांत जेवायचं आणि संध्याकाळी परत. गाडी नाही, म्हणजे ट्रेन किंवा बस. दोघंही शाकाहारी, दारूला शिवत नाहीत. आईने तर आत्ताच जाहीर केलंय की "मी गुत्त्यात पाऊल ठेवणार नाही".

तर कुठला पब? अनुभव असेल तरच सांगा, गूगलवरचे तारे मलाही दिसतात.

चहाबाज
पबात चहा मिळतो. केटलीभर, दुधाच्या छोट्या चंबूसकट. आईंना तेवढंच सांगा, बाकीचं तिथे गेल्यावर.

दगडफूल
ईडेल. डोळे झाकून ईडेल.

मँचेस्टर पिकॅडिलीहून शेफील्डकडे जाणारी सगळीकडे थांबणारी लोकल धरा, पाऊण तासाचा प्रवास. चिनली सोडलं की गाडी कौबर्न बोगद्यात शिरते. दोन मैलांहून लांब बोगदा, बाबांना आधीच सांगून ठेवा की मोबाइल खिशात टाका आणि बाहेर बघा. काळोखातून गाडी थेट खोऱ्यातच बाहेर पडते. शहर, कारखाने, गोदामं सगळं बोगद्यापलीकडे राहतं आणि इकडे डावीकडे किंडरचं पठार, उजवीकडे मॅम टॉरची लांबलचक धार.

स्टेशनाजवळच एक पब आहे, रॅम्बलर इन, आवार मोठं. गावातून डांबरी रस्त्याने चढत गेलात की चर्च आणि मग गावाच्या वरच्या टोकाला ओल्ड नॅग्स हेड. पाटीवर १५७७ साल आहे. पेनाइन वे नावाची जी २६८ मैलांची पायवाट स्कॉटलंडच्या हद्दीत जाते, तिची सुरुवात या पबच्या दारात. गावातल्या रस्त्यावर आईंना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

उंटावरून
दगडफूल, माहिती चोख, पण धागाकर्तीचा प्रश्न "खिडकीतून" असा आहे. नॅग्स हेडच्या खिडकीतून काय दिसतं? समोरचा रस्ता आणि कुणाची तरी भिजलेली सॅक.

रानजाई, थोडा हिरमोड करतो. जुन्या डोंगरी पबच्या खिडक्या लहान असतात, भिंती हातभर जाड, छत इतकं खाली की सहा फुटी माणूस तुळईला कपाळ आपटतो. दुपारी एक वाजता आत दिवे लागलेले असतात. कारण सरळ आहे. हे पब बांधले ते तांड्यावाल्यांसाठी, खाणकामगारांसाठी, धनगरांसाठी. ती माणसं दिवसभर तोच डोंगर, तोच वारा, तोच पाऊस अंगावर घेऊन यायची. आत येण्याचं कारणच ते होतं की आता डोंगर दिसू नये. इमारत खोऱ्याच्या आडोशाला, दार वाऱ्याकडे पाठ करून, मध्ये शेगडी. देखावा हवा असेल तर बाहेरच्या लाकडी बाकावर बसा, आणि मे महिन्यात बसाल तर स्वेटर घालून बसा.

काडीपेटी
म्हणजे वीस पौंडाचं तिकीट काढून अंधाऱ्या खोलीत चहा प्यायचा. त्यापेक्षा आईंना स्वयंपाकघरात दिवा घालवून बसवा, फुकट.

पिठलंभाकरी
उंटावरून यांच्याशी अर्धा सहमत. सिंहगडावर आपण छपराखाली पिठलं-भाकरी खातो तेव्हा समोर दरी हवीच असते, कारण आपण शहरातून दरी बघायलाच आलेलो असतो. भाकरी थापणाऱ्या मावशी मात्र दरीकडे पाठ करून चुलीशी बसतात. पण म्हणून गिऱ्हाइकाने दरी बघूच नये असं थोडंच आहे? आता त्या पबांची गिऱ्हाइकं बदललीत. नव्या मालकांनी मागे काचेच्या खोल्या काढल्यात.

उंटावरून
काचेच्या खोल्या काढल्यात तिथे चिप्सही (म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी) सात पौंडांच्या झाल्यात, छोट्या बादलीत घालून देतात. असो. आवड ज्याची त्याची.

लीड्सकर
गुडघे आणि खिडकी दोन्ही सांभाळायचं तर रिबलहेड. लीड्सला गाडी बदलावी लागेल, दिवस लांबतो, पण ऐका.

सेटल-कार्लाइल लाइनवर रिबलहेड नावाचं आडबाजूचं स्टेशन आहे. उतरलात की उतारावरून पाच मिनिटांत स्टेशन इन. आणि समोर उघड्या माळावर चोवीस कमानींचा रेल्वेपूल. ४०० मीटर लांब, उंचीला ३२ मीटर. एका बाजूला व्हर्नसाइड (७३६ मीटर), दुसरीकडे इंगलबरो, माथा सपाट कापल्यासारखा. झाड म्हणाल तर नावाला. इथे देखावा बघायला खिडकी लागतच नाही, दारातून पाऊल बाहेर टाकलं की सगळं अंगावर येतं.

पुलाचं काम १८७०मध्ये सुरू झालं. हजारो मजूर बायकापोरांसकट याच दलदलीत लाकडी खोपटी बांधून राहिले. वस्त्यांची नावं सेबॅस्टोपोल, इंकरमन अशी क्रायमियाच्या लढाईतली, शिवाय जेरिको आणि जेरुसलेम. देवीची साथ, अपघात, मारामाऱ्या. गेलेल्यांना जवळच्या चॅपल-ल-डेलच्या चर्चच्या आवारात पुरलं. आज त्या वस्त्यांचं काही नाही, फक्त गवतात चर आणि उंचवटे. बाबांना पुलाखाली नेलंत तर ते दाखवा. कुठे बघायचं हे ठाऊक नसेल तर माणूस वरून चालत जातो.

आमच्या खंडाळ्याच्या घाटात १८६३ला गाडी वर चढली, तीही अशीच माणसं खर्ची घालून. त्यांच्याही कबरी कुठे आहेत कोण जाणे.

रानजाई
लीड्सकर, हे फारच आवडलं. बाबा रेल्वेतूनच निवृत्त झालेत! मी धाग्यात लिहायला हवं होतं बहुतेक. दगडफूल, तुमचा बोगदा पण डोक्यात बसलाय. आता दोन्हीपैकी काय?

गवत्या
एक काडी टाकतो.

सगळे "हिरवे हिरवे डोंगर" म्हणून उसासे टाकताय. ते हिरवं म्हणजे काय ते तरी बघा. झाड नाही, झुडूप नाही, मेंढीने तासून ठेवलेलं गवत. या उतारांवर एकेकाळी जंगल होतं. माणसांनी तोडलं, मग मेंढ्यांनी परत उगवू दिलं नाही. वर किंडरच्या पठारावर तर आणखी वाईट. मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्यांचा धूर दीडशे वर्षं तिथे पावसातून पडत राहिला, त्याने दलदलीतलं शेवाळ मेलं. शेवाळ गेल्यावर काळी पीट माती उघडी पडली आणि वाहून जायला लागली. ऐंशीच्या दशकातले फोटो बघा, चंद्रावर गेल्यासारखं वाटतं.

डोंगरातला पब म्हणजे या सगळ्या नासाडीकडे बघत बिअर पिण्याची जागा.

पिठलंभाकरी
अरे देवा. रानजाईच्या आईला आधीच पब नको होता, आता डोंगरही नको होईल.

दगडफूल
गवत्या, अर्धंच सांगितलंत. १९८२मध्ये किंडर नॅशनल ट्रस्टने विकत घेतलं, मेंढ्या मागे हटवल्या. २००३पासून या भागात मोठं काम चाललंय. हेलिकॉप्टरने दगड आणि हेदर नावाच्या झुडपाच्या काड्या वर नेऊन उघड्या मातीवर पसरल्या, ओहोळांना बांध घातले, शेवाळाची रोपं हाताने लावली. दहा वर्षांपूर्वी जिथे काळा चिखल होता तिथे आज पाय ठेवला तर स्पंजासारखा दबतो आणि बाजूने पाणी वर येतं. जूनमध्ये कापूसगवताची पांढरी बोंडं डुलतात, ऑगस्टमध्ये हेदर जांभळं होतं. मेमध्ये दोन्ही नसेल, पण ओढ्यांच्या काठाच्या झाडीत ब्लूबेल्स असतील आणि कर्ल्यूची शीळ ऐकू येईल. बाकदार लांब चोचीचा पक्षी, आपल्याकडे हिवाळ्यात खाडीवर दिसतो तो कोरल.

गवत्या
शेवाळ लावलं हे मान्य. खालच्या खोऱ्यात अजून तेच तासलेलं गवत आहे, तेही मान्य करा.

मेंढपाळ_मनाने
खालच्या खोऱ्यात तासलेलं गवत आहे म्हणून तर तिथे माणसं राहिलीत. मी कंब्रियात दोन वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काम केलंय. हर्डविक मेंढी तिच्या आईबरोबर चरताना आपला डोंगर शिकते. कुंपण नसलं तरी ती आपला कडा सोडून जात नाही, पुढच्या पिढीला तेच शिकवते. २००१ला लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा कळप मारावे लागले, आणि लोकांना भीती होती ती हीच की ही शिकवण तुटली तर नव्या मेंढ्यांना डोंगर कोण दाखवणार.

पबच्या बाकावरून जी दगडी कुंपणं दिसतात ती जवळ जाऊन बघा. चुना नाही, सिमेंट नाही. दोन बाजूंना दोन भिंती एकमेकींकडे झुकत वर जातात, मधल्या पोकळीत दगडाच्या चिपा ठासलेल्या, आणि मध्येच एखादा लांब दगड आरपार घातलेला, तो दोन्ही भिंतींना धरून ठेवतो. वरती उभ्या दगडांची ओळ. खाली कुठेतरी मेंढी जाईल एवढं चौकोनी भोक असतं, गाय नाही जाऊ शकत. एवढं बघायला कुठलाही पब चालेल.

संत्र्याची_फोड
मी नागपूरचा, मले त टेकडी दिसली का डोंगरच वाटते. पण माझा प्रश्न वेगळा हाय. पबात जाऊन दारू नाही मागितली त पाहते का बे वेटर वाकड्या नजरेनं?

चहाबाज
संत्र्याभाऊ, पहिली गोष्ट म्हणजे वेटरच नसतो. काउंटरवर जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, पैसे द्यायचे, जेवण टेबलावर येतं. रांग दिसत नाही पण असते. आपल्या आधी कोण आलं ते सगळ्यांना बरोबर माहीत असतं. वाकडी नजर मिळते ती रांग मोडल्यावर, लेमोनेड मागितल्यावर नाही. डोंगराकडे तर निम्मे लोक गाडी चालवणारे नाहीतर अजून दहा मैल चालणारे, ते चहाच घेतात. साधं पाणी मागितलं तर इंग्लंडात फुकट द्यावंच लागतं, कायदाच आहे.

साजूक
शाकाहाऱ्यांसाठी, जीव तोडून सांगते: चिप्स कशात तळल्यात ते विचारा. इंग्लंडच्या उत्तरेकडे, त्यातही यॉर्कशायरात, बऱ्याच ठिकाणी अजून गाईच्या चरबीत तळतात. एका पबात (नाव सांगत नाही) सासूबाईंनी अर्धी थाळी संपवल्यावर मला पाटी दिसली. त्या दिवशी घरी परत येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

व्हेज पाय (pie, आत सारण भरून भाजलेला पदार्थ) असेल तर वरची ग्रेव्ही व्हेज आहे का तेही विचारा. बिनधोक म्हणजे भाजलेला बटाटा, वर चीज नि बीन्स. सूप. चीज-कांद्याची पाय मिळाली तर लॉटरी. आणि शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग, गरम, वर कस्टर्ड. गोड खाणाऱ्या कुठल्याही मराठी आईचं मन त्याने वळतं. अंड्याचं मात्र बघून घ्या.

रानजाई
बापरे साजूकताई, बरं झालं सांगितलंत. केकमधलं अंडं आईला चालतं, विचारायचं नाही या अटीवर.

काडीपेटी
आईंचं धोरण परराष्ट्र खात्याने घ्यावं.

घाटवाट
बाबा सह्याद्रीतले आहेत म्हणून हे लिहितो. किंडरच्या पश्चिम कड्यावर किंडर डाउनफॉल नावाचा धबधबा आहे, तीसेक मीटरचा. पश्चिमेचा वारा सुटला की पाणी खाली पडतच नाही, उलटं वर उडतं. पावसाळ्यात नाणेघाटाजवळ जे बघायला गर्दी होते तेच, कारणही तेच: कडा वाऱ्याच्या तोंडावर आणि वारा खालून वर चढणारा.

साम्य तिथेच संपत नाही. नाणेघाट हा व्यापाऱ्यांचा घाट, सातवाहनांच्या काळापासून बैलांचे तांडे त्यातून चढायचे, वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. ईडेलची वाटही तशीच तांड्यांची, फक्त बैलांऐवजी तट्टं. नॅग्स हेडच्या पाटीवरचं तट्टू तेच. गावाच्या वर जेकब्ज लॅडर नावाची चढण आहे. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा तिथला शेतकरी होता. तट्टं वळणावळणाने चढत, तोवर हा सरळ वर जाऊन बसायचा, त्यासाठी त्याने उतारात पायऱ्या खोदल्या. पायथ्याला तांड्यांचा जुना छोटा दगडी पूल आहे, कठडे बुटके, कारण तट्टांच्या दोन्ही बाजूंना लटकलेली गोणी अडकू नयेत. आईंना गावात चर्चपाशी बसवून बाबांना पुलापर्यंत नेता येईल, वाट आधी शेतांतून आणि शेवटी ओढ्याकाठची आहे.

मात्र डाउनफॉल ईडेलच्या बाजूने दिसत नाही. त्यासाठी पश्चिम पायथ्याच्या हेफील्ड गावाकडून चढणं सोयीचं.

लालबावटा
हेफील्ड म्हटल्यावर १९३२ आलंच पाहिजे, कुणी काढलं कसं नाही?

२४ एप्रिल १९३२, रविवार. किंडरचं अख्खं पठार जमीनदारांच्या मालकीचं, ग्राउस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेलं. वर्षातले काही दिवस बंदुकीचे बार, बाकी वर्षभर राखणदार काठ्या घेऊन. खाली मँचेस्टरातले गिरणीकामगार, रविवारी मोकळी हवा हवी तर डोंगर समोर दिसतो पण पाऊल ठेवता येत नाही. बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा पोरगा खाणीच्या खड्ड्यात दगडावर उभा राहून बोलला आणि चारेकशे लोक उघड उघड हद्द ओलांडून वर गेले. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिने तुरुंग.

पेनाइन वे उघडली तीही २४ एप्रिललाच, १९६५मध्ये. माळावर कुठेही फिरायचा हक्क कायद्यात आला २०००मध्ये. आणि २००२ला, सत्तर वर्षांनी, डेव्हनशरच्या तेव्हाच्या ड्यूकने आपल्या जमीनदार आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. पबच्या बाकावर बसून जो डोंगर फुकट बघताय तो असा मिळालाय.

उंटावरून
मुद्दा मान्य, फक्त इतिहासकारांत यावर वाद आहे की कायदा या मोर्चाने आला की त्याआधी नि नंतर अर्ज-विनंत्या करत बसलेल्या मवाळांमुळे. तेव्हाच्या फिरस्त्यांच्या संघटनाच या मोर्चावर चिडल्या होत्या.

लालबावटा
जहाल-मवाळ वाद पुणेकरांनी आम्हाला शिकवू नये. :)

टॅनहिलचा_वारा
खिडकीवरून आठवलं. ब्रिटनमधला सगळ्यात उंच पब म्हणजे टॅन हिल इन, ५२८ मीटर. पूर्वी आजूबाजूला कोळशाच्या खाणी होत्या, त्या गेल्या, पब राहिला. मैलोन्मैल दुसरं घर नाही. ऐंशीच्या दशकात दुहेरी काचेच्या खिडक्या विकणाऱ्या कंपनीने टीव्हीवरची जाहिरात इथे काढली. टेड मोल्ट नावाचे गृहस्थ खिडकीशी उभे राहून पीस सोडतात, बाहेर वादळ नि आत पीस सरळ खाली पडतं. म्हणजे या पबात चांगली खिडकी कुठली, तर जिच्यातून वारा येत नाही ती! उंटावरून यांचा मुद्दा मला पटतो तो इथे.

२०२१च्या नोव्हेंबरात आर्वेन वादळ आलं. शुक्रवारी रात्री ओएसिसची गाणी वाजवणाऱ्या बँडचा कार्यक्रम होता. एवढा बर्फ पडला की ६१ जण तीन रात्री आतच अडकले, बँडसकट. जमिनीवर गाद्या टाकून झोपले, प्रश्नमंजुषा खेळले, कॅरिओकी झालं. सुटका झाल्यावर काहींना घरी जावंसं वाटेना म्हणतात.

संत्र्याची_फोड
तीन रात्री पबात, बायकोले सांगायले बर्फाचा पुरावा. असं वादळ आमच्याकडं कावून नाही येत?

ग्लेनकोची_चिलटं
तुम्ही सगळे इंग्लंडात अडकलात. डोंगर बघायचे तर स्कॉटलंड. ग्लेनकोच्या खिंडीत क्लाखेग इन आहे, भोवती असे कडे की मान मोडते. दारावर पाटी: फेरीवाले आणि कॅम्पबेल (तिथलं एक घराणं) यांना मज्जाव. १६९२च्या फेब्रुवारीत कॅम्पबेलांच्या हाताखालचे सैनिक मॅकडॉनल्डांच्या घरी पाहुणे म्हणून बारा दिवस राहिले, जेवले-खाल्ले आणि एका पहाटे यजमानांवरच उठले. अडतीसेक माणसं मारली. तीनशे वर्षांनंतरही पाटी आहे, आता गमतीने.

मेच्या शेवटापासून तिथे चिलटं सुरू होतात. बाहेरच्या बाकावर बसून देखावा वगैरे विसरा.

पिठलंभाकरी
मँचेस्टरहून ग्लेनको? ट्रेनने? सत्तरीच्या माणसाला घेऊन? एका दिवसात? हे सुचवायला तुम्हाला कॅम्पबेलांनी पाठवलंय का?

थापाड्या
लेक डिस्ट्रिक्टमधला वॉसडेल हेडचा पब राहिला. खाली वॉस्टवॉटर, इंग्लंडमधलं सगळ्यात खोल तळं, ७९ मीटर. वरती स्कॅफेल पाइक, सगळ्यात उंच शिखर, ९७८ मीटर. आणि पबचा जुना मालक विल रिटसन, सगळ्यात मोठा थापाड्या. आमच्याकडचे शलगम एवढे मोठे की लोक पोखरून त्यात मेंढ्या बांधतात, असं सांगायचा. त्याच्या नावाने त्या भागात अजून दर नोव्हेंबरात थापांची स्पर्धा होते. राजकारणी आणि वकील यांना प्रवेश नाही. ते व्यावसायिक पडतात.

काडीपेटी
आपल्याकडे ही स्पर्धा दर पाच वर्षांनी होते आणि प्रवेश फक्त त्यांनाच असतो.

मेंढपाळ_मनाने
त्याच भागात ग्रेट लँगडेलमधला ओल्ड डंजन घिल. डोंगर चढणाऱ्यांसाठीचा जो बार आहे तो पूर्वी गाईंचा गोठा होता, गव्हाणींच्या मधले आडोसे तसेच ठेवलेत, त्यात बाकं टाकलीत. फरशी दगडी, चिखलाचे बूट चालतात, कुत्री चालतात. बाहेर आलात की डोक्यावरच लँगडेल पाइक्स. तिथल्या एका घळीत नवाश्मयुगातल्या दगडी कुऱ्हाडी घडवायचा कारखाना होता, इथल्या कुऱ्हाडी पार इंग्लंडच्या दक्षिणेपर्यंत सापडल्यात. विंडरमियरला ट्रेन, पुढे अँबलसाइडला बदलून बस. जमेल, पण दिवस दमवणारा.

गवत्या
मी परत येतोय, यावेळी शांतपणे. खेड्यातले पब धडाधड बंद पडताहेत. ईडेलपासून फार लांब नसलेला कॅट अँड फिडल, उंचीत दुसरा, २०१५च्या शेवटी बंद झाला. आता तिथे व्हिस्की गाळतात. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने मात्र आपला ओल्ड क्राउन २००३ला वर्गणी काढून विकत घेतला, गावकरीच भागधारक. तेव्हा जिथे जाल तिथे नुसते फोटो काढून येऊ नका, जेवा. आणि जायच्या आदल्या दिवशी फोन करा. दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघर बंद होतं ते सहापर्यंत उघडत नाही, अशी ठिकाणं पुष्कळ.

रानजाई
सगळ्यांचे आभार! काल फोनवर दोघांना थोडं थोडं वाचून दाखवलं. आईने चिप्सचं ऐकल्यावर "मी डबा घेऊन येईन" म्हटलंय. बाबांना तट्टांचा पूल बघायचाय, रेल्वेपूल बघायचाय आणि १९३२च्या त्या पोराबद्दल आणखी वाचायचंय. खिडकीचा नाद मी सोडला, बाहेरचं बाक शोधते.

साजूक
डबा पबात उघडायचा नाही हं! बाहेरच्या बाकावरही नाही, ती बाकं पबचीच असतात. चर्चच्या बाहेर किंवा ओढ्याकाठी बसा, तिथे कुणी विचारत नाही.

दगडफूल
मग असं करा. पहिल्या शनिवारी ईडेल, कारण जवळ आहे आणि हवा बिघडली तर तासाभरात घरी. सकाळी लवकर जा, पूल बघून या, एकच्या आत नॅग्स हेडच्या बाकावर. परतीला रॅम्बलरच्या आवारात चहा, समोर मॅम टॉरची धार. तिला थरथरता डोंगर म्हणतात, दगड ठिसूळ आहे, सतत घसरतो. पलीकडच्या अंगाने जाणारा मोठा रस्ता त्याने इतक्यांदा गिळला की शेवटी १९७९ला कायमचा सोडून दिला. बाबांचे पाय दुखले नाहीत आणि रिबलहेडची हौस टिकली तर पुढच्या शनिवारी ते.

पायवाट
गुडघ्यांवरून एक. शेतातल्या पायवाटांवर कुंपण ओलांडायला लाकडी शिड्या असतात, नाहीतर दगडी भिंतीत अशी चिंचोळी फट की पोट आत घेऊन जावं लागतं. नकाशावर वाट सपाट दिसली म्हणून आईंना त्यावर नेऊ नका, डांबरी रस्ताच बरा. बाबांना सांगा, वासरं असलेल्या गाईंच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा. आपल्याला गाय म्हणजे गरीब वाटते. इथे दरवर्षी गाईंच्या पायाखाली माणसं सापडतात.

संत्र्याची_फोड
सगळं वाचलं. म्या पण जाऊन राहिलो पुढच्या महिन्यात, गाडी घेऊन. ईडेलले पार्किंग भेटते का?

लीड्सकर
गावात सरकारी वाहनतळ आहे, पैसे देऊन. ऊन असलेल्या शनिवारी दहाच्या आत भरतो. रस्त्याकडेला लावू नका, ट्रॅक्टर अडतो आणि शेतकरी चिठ्ठी लिहून जातो, फार सुंदर भाषेत नसते.

उंटावरून
रविवारी जाणार असाल तर आधी गाड्या तपासा, रुळांची कामं निघतात आणि ट्रेनऐवजी बस देतात. ती बस बोगद्यातून जात नाही.